सकाळच्या बॅचचा बिघाड

आमच्या क्लासमध्ये सकाळच्या बॅचचे प्रोग्रॅम बॅच सुटेपर्यंत चालायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंद पडायचे. दुपारच्या बॅचचे मात्र आज चालले की उद्याही चालायचे. मशीन तीच, खोली तीच, वीजही तीच. फरक एवढाच की सकाळची बॅच माझी होती आणि दुपारची मालकांच्या मेहुण्याची. एवढं कळल्यावर संशय घ्यायला माणूस फार हुशार असावा लागत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते आणि जावा शिकलं की थेट अमेरिका, असं पोरांच्या आईबापांना कुणीतरी पटवून ठेवलं होतं. आमचा क्लास झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. चपला दाराबाहेर काढायच्या, कारण मशीनला धूळ चालत नाही. मी कवठे महांकाळची. डिप्लोमा करून इथं शिकवायला लागले होते आणि विश्रामबागेत एक खोली घेऊन राहत होते. वडील तहसील कचेरीत शिपाई. त्यांनी मला एकटीला राहू दिलं ते एका अटीवर. दिवाळीपर्यंत नोकरी पक्की झाली तर राहा, नाहीतर परत ये, मामानं आणलेलं स्थळ बघून टाकू. त्या मुलानं मला बघायच्या आधीच निरोप पाठवला होता की लग्नानंतर नोकरीबिकरी नको. वडील शब्दाचे पक्के, त्यामुळे दिवाळी जवळ आली तशी माझी झोप उडाली.

आणि नेमका तेव्हाच मालकांनी साताऱ्याहून मेहुणा आणला. बायकोचा धाकटा भाऊ. पुण्यात कसलासा कोर्स करून आला होता. मालक माणूस वाईट नव्हता, पण घरात बायको आणि क्लासमध्ये तिचा भाऊ म्हटल्यावर बिचारा बोलणार काय? त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की जावा शिकवायला क्लासला एकच माणूस परवडतो. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून एक साहेब बॅचेस बघायला येणार आहेत. ज्याच्या बॅचची पोरं त्यांच्यासमोर नीट प्रोग्रॅम करून दाखवतील, तो राहील. मेहुणा मान डोलवत हसला. मी हसले नाही.

त्याच्यावर माझा डोळा पहिल्या दिवसापासूनच होता. आल्याआल्या त्यानं मला नाव विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाला, "पूर्ण नाव? आडनाव?" हा प्रश्न मी शाळेपासून ऐकत आले. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक पडदा सरकतो, कुणाचा हळू, कुणाचा झटकन. विश्रामबागेतली खोली मिळायच्या आधी तीन खोल्या त्या पडद्यानं गेल्या होत्या. त्याच्या चेहऱ्यावर काही सरकलेलं मला दिसलं नाही, पण म्हणून काय झालं? शिकलेल्या माणसांचा पडदा आतल्या बाजूला असतो. त्या दिवसापासून तो खोलीत आला की मी माझ्या ड्रॉवरला कुलूप लावायची. त्यात खडू, डस्टर आणि डब्याचा चमचा एवढंच असायचं, पण लावायची.

आता बिघाड काय होता ते सांगते. जावामध्ये आधी एक बाप लिहायचा आणि मग त्याची पोरं. बापाच्या अंगात जे असेल ते पोरांना आपोआप मिळतं, परत लिहावं लागत नाही. पुस्तकात बँकेच्या खात्याचं उदाहरण होतं आणि मेहुण्यानं तेच घेतलं. मला वाटलं, आपल्याकडची माणसं बँकेत जातात किती आणि साखर कारखान्यावर जातात किती. म्हणून मी बाप घेतला 'वाहन' आणि पोरं घेतली ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाडी. कारखान्याच्या काट्यावर उभी राहणारी. वाहनाला एक 'वजन' दिलं. ते वजन मग ट्रकनंही वापरायचं आणि बैलगाडीनंही.

आमच्या मशीन म्हणजे म्हाताऱ्या म्हशी. एक फाइल चालवायला दिली की चहा पिऊन यावं. म्हणून मी पोरांना सांगितलं होतं की बाप एकदा मशीनवर तयार झाला की झाला, रोज रोज तो परत करू नका. लिहिलेलं सगळं आपापल्या फ्लॉपीवर घरी न्या, तयार झालेला बाप मशीनवर राहू द्या, आणि सकाळी येऊन फक्त पोराचं काम करा. सगळे तसंच करायचे. आणि रोज सकाळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात तीच ओळ यायची: अनडिफाइन्ड व्हेरिएबल, वजन. म्हणजे तुम्ही वजन वजन म्हणताय खरं, पण असं कुणी मला माहीत नाही.

माहीत कसं नाही? ज्याचं ज्याचं अडलं त्याची फ्लॉपी मी उघडून बघितली. वाहनात वजन ठळक लिहिलेलं. शब्दात चूक नाही, अक्षर लहानमोठं नाही, कंस जागच्या जागी. मी बाप पुन्हा तयार करायला लावायची, की सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझ्या बॅचमध्ये सिव्हिल हॉस्पिटलातली एक नर्स होती, रात्रपाळी करून तशीच यायची. ती म्हणाली, मॅडम, आमच्याकडं एक दिवसाआड ताप आला तर आम्ही आधी डास शोधतो. मी मनात म्हटलं, डास मला ठाऊक आहे, साताऱ्याहून आलाय.

तरी शिकवणं थांबवून चालणार नव्हतं. मग मी पोरांना रोजच्या रोज त्या ओळीशीच झुंजवायला लागले. ही ओळ आली की घाबरायचं नाही, माझ्याकडं बघायचं नाही. आधी विचारायचं, हे नाव मी कुठं सांगितलं होतं? या कंसात सांगितलं आणि त्या कंसात वापरलं असं तर नाही? कंसाच्या आत सांगितलेलं नाव कंसाबाहेर चालत नाही. बापात आहे म्हणतोय, पण मशीनवरचा बाप हाच आहे का? एखाद्याचं खरंच कंसात अडकलेलं निघायचं, एखाद्यानं नाव सांगितलेलंच नसायचं. तेवढं तेवढं दुरुस्त व्हायचं. पण मूळ दुखणं आपलं तिथंच.

शेवटी एका सकाळी मशीनवर तयार झालेल्या बापाची तारीख आणि वेळ बघितली. हे आधीच सुचायला हवं होतं, पण रागात डोकं चालत नाही. बाप आदल्या संध्याकाळी तयार झालेला होता. माझी बॅच बाराला सुटते, मेहुण्याची पाचला. त्यानंतर क्लासमध्ये कोण? किल्ली कुणाकडं? मेहुण्याकडं. पाणी कुठं मुरतंय ते आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मालकांकडं जाऊन सांगावं असं वाटलं, पण बायकोच्या भावावर आळ घ्यायचा तर पुरावा हातात पाहिजे. नाहीतर हात दाखवून अवलक्षण. साहेब शनिवारी येणार होते. गुरुवारी मी डोकं दुखतंय म्हणून बाराला निघाले, आणि साडेचारला परत येऊन खाली झेरॉक्सवाल्या वहिनींकडं स्टुलावर बसून राहिले. त्यांना सांगितलं, एसटीला वेळ आहे. पाच वाजता दुपारची बॅच उतरली, पोरं निघून गेली. मेहुणा काही उतरला नाही. थोडा वेळ जाऊ दिला आणि मी हळूच जिना चढले.

दाराबाहेर चपलांचे दोन जोड होते. एक मेहुण्याच्या चामडी सँडल. दुसरे तपकिरी कॅनव्हासचे बूट, लेस आत खोचून शेजारी शेजारी लावलेले. ते बूट मी ओळखले आणि क्षणभर मला काहीच कळेना. सकाळच्या बॅचमधल्या फौजींचे बूट होते ते, माझ्याच विद्यार्थ्याचे.

फौजी कुंडलचे. सुभेदार म्हणून रिटायर होऊन आले होते, घरचा ऊस होता, पोरं मोठी होती, आणि रिकामं बसवत नाही म्हणून कॉम्प्युटर शिकायला आले होते. वर्गात सगळ्यात आधी येणारे आणि मी फळ्यावर लिहिलेलं शब्दन् शब्द उतरवून घेणारे. मला वडिलांच्या वयाचे, तरी मी आत आले की उभे राहायचे. मी त्यांना कितीदा सांगितलं की बसा हो, पण त्यांची कंबर वाकायचीच नाही. जगात एका माणसावर मी संशय घेतला नसता, तर तो हा माणूस.

आत बघते तर दुपारपासून सरावाला थांबलेले फौजी फ्लॉपी घेऊन एका मशीनवरून उठून दुसऱ्या मशीनवर बसत होते. मेहुणा दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत होता. मला बघून त्यानं पेपर खाली घेतला आणि घडी घातली.

"फौजी, काय करताय?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

ते उभे राहिले. चेहऱ्यावर चोरी पकडल्याची खूण नाही, उलट आनंदच. म्हणाले, "आवं मॅडम, बरं झालं आला. बाप बसवतोय सगळ्यांच्या मशीनीत. लय भारी झालाय आता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना माझं वजन पटलं नव्हतं. काट्यावर वाहनाचं वजन एक नसतं, भरलेलं वेगळं आणि रिकामं वेगळं, त्यातली वजाबाकी म्हणजे ऊस. म्हणून त्यांनी आपल्या वाहनातून वजन काढून टाकलं होतं आणि तिथं भरलेलं आणि रिकामं अशी दोन नावं घातली होती. इथवर ठीक. शेतकरी माणूस, काट्यावर आयुष्य गेलं, त्याला हे सुचणारच. पण मग त्यांच्या मनात आलं की आपला बाप चांगला झालाय तर तो आपल्यापुरता का ठेवायचा? म्हणून रोज संध्याकाळी सगळ्यांच्या मशीनवरचा जुना बाप पुसून ते आपला बसवत होते. सकाळी मी तो पुसून जुना आणायची आणि संध्याकाळी ते पुन्हा त्यांचा. त्यांना वाटायचं, पोरांच्या हातून पुसला जातोय; त्यांच्या स्वतःच्या मशीनवर ती ओळ येत नसल्यामुळे दोन्हीचा संबंध त्यांच्या ध्यानातच आला नव्हता.

"पैऱ्यागत हाय बघा हे," ते म्हणाले. "ज्याच्याकडं बैलं चांगली, त्यानं समद्यांची रानं नांगरायची. तुमीच म्हणाला न्हवं, बाप एकदाच करायचा, पोरांनी वापरायचा? मग धा जणांनी धा बाप कशाला करायचं?"

पैरा आमच्याही गावात होता. आज माझी बैलं तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या रानात, माणसंही तशीच. त्यात कुणी कुणाला विचारत बसत नाही, सकाळी औत घेऊन हजर होतात. आमच्या घराला रान नव्हतं म्हणून आम्ही त्या पैऱ्यात कधी नव्हतो, ही गोष्ट वेगळी. मी फौजींना म्हटलं, तुमचा बाप चांगला आहे, माझ्यापेक्षा बरा आहे, पण दुसऱ्याच्या रानात नांगर घालायच्या आधी तिथं काय पेरलंय ते बघाल की नाही? तिथं वजन पेरलं होतं. तुम्ही ते उपटलं आणि माझी पोरं पंधरवडाभर वजन शोधत फिरतायत. माझ्या आवाजाला धार होती, मी ती लपवली नाही. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी ते एवढंच म्हणाले, "म्हंजे आमच्या पायी हुतंय व्हय हे?"

ते एसटीला गेले आणि मी मेहुण्याकडं वळले. तुम्ही रोज इथं बसता, फौजी काय करतात ते तुम्हाला दिसत होतं, माझी पोरं सकाळी का अडकतात तेही कळलं असणार, असं मी त्याला तोंडावर म्हणाले. त्यानं नाही म्हटलं नाही.

"मी काय केलं?" तो म्हणाला. "मी तर मशीनला हातसुद्धा लावला नाही."

आणि हे खरं होतं. करून सवरून नामानिराळे राहणारे मी पुष्कळ बघितले होते. हा काहीच न करून नामानिराळा राहिला होता. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, आणि हा पेपर वाचतोय. मालकांना सांगणार तरी काय? तुमच्या मेहुण्यानं काही केलं नाही, म्हणून? माझ्या डोळ्यात रागानं पाणी आलं आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी फळा पुसायला घेतला.

शुक्रवारी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात वाहनाच्या अंगात काय काय असेल ते सगळ्यांच्या संमतीनं लिहिलं. वजन राहील, भरलेलं आणि रिकामंही राहील. हे कुणी बदलायचं नाही, बदलायचं तर आधी सगळ्यांसमोर उभं राहून विचारायचं. फौजींनी फळ्यावरून ते उतरवून घेतलं आणि खाली रेघ ओढली. त्या संध्याकाळी मी स्वतः क्लास बंद होईपर्यंत बसून राहिले. मेहुणा समोर बसून पेपर वाचत होता, मी त्याच्याकडं बघत होते. जाताना सगळ्यांकडून मागून घेतलेल्या कामाच्या फ्लॉप्या डब्याच्या पिशवीत घालून घरी नेल्या आणि उशाशी ठेवल्या. भाकरीचा वास लागला असेल त्यांना.

शनिवारी साहेब आले. चष्मा लावलेले, फार न बोलणारे. आधी मेहुण्याची बॅच. बँकेची खाती धडाधड चालली, पैसे जमा झाले, निघाले, शिल्लक बरोबर आली. मालकांचा चेहरा फुलला आणि मी मनात पिशवी भरायला घेतली. मग साहेबांनी एका मुलाला सांगितलं, या खात्याला वारसाचं नाव जोडून दाखव. मुलानं जोडलं, चालवलं, आणि पडद्यावर ती ओळ आली. अनडिफाइन्ड व्हेरिएबल. त्याच्या बॅचमध्ये ती ओळ मी पहिल्यांदाच बघत होते. मुलगा पडद्याकडं बघायचं सोडून मेहुण्याकडं बघायला लागला. मेहुणा पटकन पुढं झाला, कीबोर्ड ओढला आणि चूक सुधारून दिली. हुशार होता, चटकन केलं त्यानं. साहेबांनी मुलाला विचारलं की काय चुकलं होतं. तो म्हणाला, "सर सांगतील."

मग माझी बॅच. साहेब नर्सबाईंच्या मागं जाऊन उभे राहिले आणि ट्रकला ड्रायव्हरचं नाव जोडायला सांगितलं. बाई रात्रपाळीवरून आलेली, डोळे लाल. तिनं जोडलं, चालवलं. अनडिफाइन्ड व्हेरिएबल, ड्रायव्हर. मला चूक लांबूनच दिसली होती. माझी जागा, माझी खोली आणि मामाचं ते स्थळ, सगळं त्या एका ओळीवर येऊन थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. ओठातल्या ओठात पुटपुटली, "कुठं सांगितलं होतं तुला?" आणि वर वर सरकत गेली. "कंसात अडकलंय हे. बाहेर काढायला पाहिजे." तिनं ते नाव उचलून वर नेलं, चालवलं, आणि ट्रकचा ड्रायव्हर पडद्यावर आला. साहेबांनी शेजारच्या मुलाला तसंच काही सांगितलं, त्याच्याहीकडं ओळ आली, त्यानंही स्वतःच काढली. फौजींची ओळ निघायला वेळ लागला, पण ते ताठ बसून एकेक कंस बोटानं मोजत गेले आणि सापडल्यावर उभे राहिले.

साहेबांनी मला विचारलं, यांना हे इतकं कसं येतं? मी म्हणाले, सर, आमचे प्रोग्रॅम रोज मोडायचे. त्यांना तो विनोद वाटला. मालकांना ते म्हणाले की जावाला या बाई राहू द्या. मालकांनी मेहुण्याकडं न बघता मान हलवली.

मेहुणा सोमवारी साताऱ्याला परत निघाला. जाताना क्लासमध्ये आला, मी एकटीच होते. किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि ड्रॉवरच्या कुलपाकडं बघून म्हणाला, "मी आत आलो की तुम्ही हे लावता. पहिल्या दिवसापासून. अशा माणसाला आपण होऊन काही सांगायला कोण जाईल?"

"तुम्ही पहिल्या दिवशी आडनाव विचारलंत," मी म्हणाले.

त्यानं जिन्याकडं बोट केलं. मग म्हणाला, "पाटीवर लिहायचं होतं." आणि जिना उतरून गेला.

जिन्याच्या तोंडाशी बॅचच्या वेळांची पाटी होती हे खरं. तिच्यावर माझं नाव आडनावासकट होतं, अक्षर त्याचंच, आणि स्वतःच्या नावाच्या वर लिहिलेलं. रोज चढता उतरता मी ती पाटी बघत होते. खरं बोलत असेल तो. पण आडनाव विचारणाऱ्या दहा जणांत पाटी लिहायची असते एखाद्यालाच, आणि तो कोणता हे कपाळावर लिहिलेलं नसतं. मला वाईट वाटलं का? वाटलं थोडं. विश्वास बसला का? नाही बसला, अजूनही पुरता बसत नाही.

त्याच संध्याकाळी मी गणपती पेठेतून नवं कुलूप आणलं आणि क्लासला लावलं. त्याच्याबरोबर दोन किल्ल्या आल्या होत्या. एक मी ठेवली. दुसरी, संध्याकाळी सराव करायला लागेल म्हणून, फौजींना दिली.